नवी खेळणी जुन्यांसारखी महाग होतील का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यातील राम मारुती रस्ता, घोडबंदर रस्त्यावरील मॉल आणि खाडीपलीकडचा वाशी-सीवूड्सचा परिसर, इथल्या खेळण्यांच्या दुकानांत गेल्या काही वर्षांत एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. ते मुलासाठी खेळणे घेत नाही आणि स्वतःच्या हौसेसाठीही घेत नाही. एकाच नमुन्याचे चार-पाच नग घेते, एकाचेही वेष्टन फोडत नाही, आणि हे सारे कपाटात जपून ठेवले तर पंधरा-वीस वर्षांनी त्याची किंमत कित्येक पट होईल असा हिशेब मांडते. मी शाळकरी वयापासून धातूच्या लहान मोटारी जमवत आलो आहे, त्यामुळे सोसायटीतले आणि ओळखीचे तरुण पालक मला नेहमी विचारतात, की जुन्या खेळण्यांना आज जे भाव मिळतात तसे आजच्या 'कलेक्टिबल' खेळण्यांना उद्या मिळतील का. आजवर मी प्रत्येकाला तोंडी उत्तर देत आलो. पण आता काही पालक मुलांच्या नावाने बाजूला काढलेले पैसे यात घालू लागले आहेत, म्हणून ते सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते. माझ्या मते, मोजके अपवाद सोडले तर असे भाव मिळणार नाहीत. आणि ज्या हेतूने आपण ही खेळणी आज विकत घेतो, तो हेतूच त्यांच्या भाववाढीच्या आड येणार आहे.

जुन्या खेळण्यांना किंमत कशी आली हे आधी नीट पाहावे लागेल. १९७७ साली 'स्टार वॉर्स' हा चित्रपट अमेरिकेत झळकला, तेव्हा त्याची खेळणी बनवण्याचा परवाना सिनसिनाटीच्या केनर या कंपनीकडे होता. चित्रपट एवढा चालेल याचा अंदाज कोणालाच नव्हता आणि नाताळपर्यंत बाहुल्या तयार होणे शक्य नव्हते. तेव्हा कंपनीने पुठ्ठ्याचे एक पाकीट विकायला काढले. त्यात खेळणे नव्हतेच. पहिल्या चार बाहुल्या पुढे टपालाने घरी येतील एवढे सांगणारे प्रमाणपत्र होते. १९७८ मध्ये पावणेचार इंचांच्या त्या बाहुल्या मुलांच्या हाती पडल्या आणि मुलांनी त्यांच्याशी जे करायचे तेच केले. वाळूत पुरल्या, अंघोळीच्या टबात बुडवल्या, नखाएवढी पिस्तुले हरवून टाकली, आणि ज्या पुठ्ठ्यावर बाहुली चिकटवलेली होती तो पुठ्ठा पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेला. वीस-पंचवीस वर्षांनी हीच मुले कमावती झाली, बालपणाची ती वस्तू पुन्हा हाती असावी असे त्यांना वाटू लागले, आणि तेव्हा न फोडलेल्या पुठ्ठ्यासह शिल्लक असलेले नग फारच थोडे निघाले. मागणी मोठी आणि माल थोडा, अशी ही साधी गोष्ट आहे. माल थोडा राहिला, कारण तो जपून ठेवावा असे त्या काळी जवळजवळ कोणालाच वाटले नव्हते.

याच मालिकेतली सर्वांत महाग ठरलेली वस्तू पाहिली तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. बोबा फेट नावाच्या पात्राच्या पाठीवर स्प्रिंगने उडणारे रॉकेट असेल असे कंपनीने ठरवले होते. पण ते रॉकेट एखाद्या मुलाच्या घशात अडकेल या भीतीने ही कल्पना विक्रीपूर्वीच सोडून देण्यात आली आणि मागे उरले ते केवळ काही कच्चे नमुने. त्यातला हाताने रंगवलेला एक नमुना २०२४ साली अमेरिकेतील लिलावात सव्वापाच लाख डॉलरला गेला. जावा नावाच्या छोट्या पात्राचेही तसेच आहे. त्याच्या अंगावर सुरुवातीला प्लॅस्टिकचा झगा होता, पुढे तो बदलून कापडाचा केला गेला, आणि आज संग्राहक शोधत फिरतात तो नाकारलेला प्लॅस्टिकचा झगा. हॉट व्हील्स या खेळण्यातल्या छोट्या मोटारींच्या संग्राहकांना १९६९ सालची फोक्सवॅगन 'बीच बॉम्ब' ठाऊक असेल. मागच्या काचेतून सर्फबोर्ड बाहेर डोकावणारी ही गाडी अरुंद आणि वरून जड होती, कंपनीच्याच गाड्या पळवणाऱ्या यंत्रातून ती नीट धावेना, म्हणून रुंद करून तिची रचना बदलण्यात आली. पहिल्या रचनेचे जे थोडे नमुने उरले, त्यांतील गुलाबी गाडीची गणना आज जगातील सर्वांत मौल्यवान हॉट व्हील्समध्ये होते. रद्द झालेले बेत, कारखान्यातल्या चुका, टाकून दिलेले नमुने यांनाच शेवटी मोठे मोल आले. दुकानात रांगेने टांगलेल्या आणि कोणीही विकत घेऊ शकेल अशा मालाला ते आलेले नाही.

आता त्याच मालिकेची दुसरी फेरी पाहू, कारण यापेक्षा चांगला पुरावा मला सापडलेला नाही. १९९९ साली 'स्टार वॉर्स'चा नवा चित्रपट येणार होता. त्याआधी ३ मे रोजी मध्यरात्री अमेरिकेतील खेळण्यांची मोठी दुकाने मुद्दाम उघडी ठेवण्यात आली आणि लहानपणी केनरच्या बाहुल्यांशी खेळलेली, आता तिशी गाठलेली माणसे ढकलगाड्या भरभरून नवी खेळणी घेऊन गेली. जुन्या बाहुल्यांचे चढलेले भाव त्यांच्या डोळ्यांसमोर होते. म्हणून त्यांनी पुठ्ठा वाकणार नाही याची काळजी घेतली, पेट्या कोरड्या जागी रचल्या आणि वाट पाहिली. त्यानंतर पाव शतक उलटून गेले आहे. त्यातली बहुतांश खेळणी आज न फोडलेल्या स्थितीत मूळ किमतीच्या आसपास किंवा त्याहून कमी भावात मिळतात. महागाई धरली तर तो निव्वळ तोटा आहे. नाव तेच, प्रकार तोच, माप तेच, आणि दर्जा तर आधीपेक्षा सरस. फरक एवढाच होता, की पहिल्या वेळी सर्वांनी फोडले आणि दुसऱ्या वेळी सर्वांनी जपले. सर्वांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ होऊ शकत नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत बीनी बेबीज या मऊ, छोट्या प्राण्यांचे वेड शिगेला पोहोचले होते. १९९३ पासून विकली जाणारी ही खेळणी बनवणाऱ्या कंपनीने ठरावीक नमुने 'निवृत्त' झाल्याचे जाहीर करण्याचा प्रघात पाडला होता आणि प्रत्येक घोषणेसरशी भाव उसळत. १९९९ मध्ये लास व्हेगासच्या एका न्यायालयात घटस्फोट घेणाऱ्या दांपत्याने ही खेळणी जमिनीवर मांडून आळीपाळीने वाटून घेतली, इतकी ती संपत्ती मानली जात होती. पुढे बाजार बसला आणि बहुतेकांच्या हाती राहिले ते कापूस आणि प्लॅस्टिकचे मणी.

हे केवळ परदेशात घडते असे नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पोस्टाची तिकिटे जमवणे हा मध्यमवर्गीय मराठी घरांतला लाडका छंद होता आणि अनेकांनी मुंबईच्या जीपीओतून नव्या स्मारक तिकिटांचे अख्खे ताव, 'फर्स्ट डे कव्हर' यांचे गठ्ठे, पुढे मुलाबाळांना उपयोगी पडतील म्हणून घेऊन ठेवले. त्यातला बहुतेक माल आज विक्रेत्याकडे नेला तर तो दर्शनी किमतीच्या आसपासचा भाव सांगतो, कारण तसेच गठ्ठे शेकडो घरांतल्या ट्रंकांमध्ये आहेत. याउलट १९४८ साली गांधीजींच्या स्मरणार्थ निघालेल्या दहा रुपयांच्या तिकिटावर सरकारी वापरासाठी 'सर्व्हिस' ही अक्षरे छापून ज्या १०० प्रती गव्हर्नर जनरलच्या कार्यालयाला दिल्या होत्या, त्या भारतातील सर्वांत दुर्मीळ तिकिटांत मोडतात. त्या कोणी गुंतवणूक म्हणून घेतल्या नव्हत्या; त्या पाकिटांवर चिकटवण्यासाठीच होत्या.

आजच्या मालाकडे या कसोटीने पाहावे. लबुबू हे नाव आता लहान मुलांनाही तोंडपाठ आहे. कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ साली हे दातेरी हसणारे पात्र रेखाटले, चीनच्या पॉप मार्ट कंपनीने २०१९ पासून ते विकायला घेतले, आणि २०२४ मध्ये एका लोकप्रिय कोरियन गटातील गायिकेच्या पर्सला ते लटकलेले दिसल्यावर जगभर त्याची लाट आली. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाच्या उंचीला येऊ पाहणारा एक लबुबू १० लाख ८० हजार युआनला विकला गेला. आपल्या रुपयांत ही रक्कम सव्वा कोटीच्या घरात जाते, आणि पालकांच्या मनात ठसलेला आकडा हाच आहे. परंतु तो एकमेव म्हणून घडवलेला नमुना होता. आपल्या मुलांच्या दप्तराला लटकतो तो लबुबू वेगळा. त्याची मागणी वाढताच कंपनीने उत्पादन वाढवले आणि मऊ खेळण्यांची आपली क्षमता महिन्याला सुमारे ३ कोटी नगांपर्यंत गेल्याचे २०२५ मध्येच सांगितले. नवा माल दुकानांत येताच दुय्यम बाजारातले भाव घसरले. महिन्याला ३ कोटी या वेगाने तयार होणारी आणि तितक्याच काळजीने जपली जाणारी वस्तू आपल्या नातवंडांच्या काळात दुर्मीळ होईल, असे मानायला मला एकही कारण दिसत नाही. मोठ्या डोक्याच्या फन्को बाहुल्यांचेही उदाहरण ताजे आहे. मार्च २०२३ मध्ये त्या कंपनीने ३ ते ३.६ कोटी डॉलरचा शिल्लक माल नष्ट करणार असल्याचे स्वतःच जाहीर केले, कारण तो गोदामात ठेवण्याचा खर्च मालापेक्षा जड झाला होता. जो माल ठेवणे कंपनीला परवडले नाही, तो आपल्या दोन खोल्यांच्या घरात ठेवून कोणाला परवडणार?

हॉट व्हील्सविषयी लिहिताना मला थोडे सांभाळून लिहावे लागते, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. या गाड्या वर्षाला सुमारे ५० कोटी तयार होतात. १९९५ पासून कंपनी त्यात काही 'ट्रेझर हंट' गाड्या मिसळते आणि २००७ पासून त्याहून विरळ 'सुपर ट्रेझर हंट' असतात, ज्यांचा चकाकता रंग आणि रबरी टायर जाणकाराला चटकन ओळखू येतात. आमच्याकडच्या दुकानांत नवी पेटी उघडण्याआधीच तिच्यातला असा नग बाजूला काढला जातो आणि मागच्या दाराने छापील किमतीच्या कित्येक पटीने दिला जातो, हे मी पाहिले आहे. ज्या मुलाने सकाळी खाऊचे पैसे घेऊन हुकाला टांगलेल्या गाड्या एकेक करून चाळल्या, त्याला तो नग कधीच दिसत नाही. याविषयी मला मनापासून चीड आहे. पण भावाच्या दृष्टीनेही पाहा: मुद्दाम विरळ केलेली ही गाडी ज्याच्या हाती पडते तो ती फोडत नाही, लगेच पारदर्शक कवचात घालतो. तिचा आजचा भाव आजच्या संग्राहकांच्या स्पर्धेतून आलेला आहे. तो उद्या टिकेलही कदाचित, पण मुळात चढ्या भावाने घेतलेल्या गाडीला अजून किती चढायला जागा उरते, हा प्रश्न घेणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा.

दुर्मीळपणा पुरेसा असतो असेही नाही, आणि हा मुद्दा मराठी वाचकांना अधिक जवळचा वाटेल. आपल्याकडची लाकडी ठकी, लाखेच्या रंगाची सावंतवाडीची जुनी भातुकली, पत्र्याची मेणबत्तीवर चालणारी फटफट करणारी बोट, ही खेळणी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या मूळ स्थितीत शोधू गेल्यास केनरच्या बाहुल्यांहूनही विरळ आहेत. तरीही त्यांच्यासाठी लाखांच्या बोली लागत नाहीत, कारण ज्यांच्या बालपणात ती होती त्या पिढीच्या हाती खर्चायला तसा पैसा नव्हता, आणि ज्यांच्या हाती आज पैसा आहे त्यांच्या आठवणीत ती नाहीत. वस्तू थोडी असावी लागते, तिच्यावर जीव असलेली माणसे पुष्कळ असावी लागतात आणि ती माणसे कमावत्या वयात असावी लागतात. या तिन्ही गोष्टी एका वेळी जुळतात तेव्हाच भाव चढतो, आणि ती पिढी ओसरली की तो उतरूही लागतो.

माझ्याकडच्या एका गाडीचे वर्णन करतो. कोलकात्याच्या एका कारखान्याने १९७० च्या आसपास इंग्लंडच्या डिंकी टॉइजचे वापरून झिजलेले साचे आणून 'निकी' या नावाने गाड्या काढल्या. त्यातली ही एक हेराल्ड आहे. साचा झिजलेला असल्यामुळे बॉनेटच्या कडा गोलसर झाल्या आहेत, निळा रंग इतका जाड बसला आहे की दरवाजाची रेघ जवळपास भरून गेली आहे, आणि गाडी उलटी केली तर तळाच्या पत्र्यावर मूळ नाव खोडल्याची खरबरीत खूण बोटाला लागते. पुढचे एक चाक किंचित तिरपे आहे. ते कुणीतरी, कधीतरी, घराच्या उंबरठ्यावरून गाडी पळवताना झाले असावे. परदेशातील डिंकीप्रेमी आज अशा भारतीय गाड्या आवर्जून शोधतात. त्याचप्रमाणे १९८७ साली स्थापन झालेल्या फनस्कूलने इथे बनवलेल्या जी. आय. जो या सैनिकांच्या बाहुल्या, ज्यांचे रंग अमेरिकेतल्या मूळ बाहुल्यांशी मुळीच जुळत नाहीत, अमेरिकेतले संग्राहक कौतुकाने घेतात. हे रंग कोणी संग्राहकांसाठी योजलेले नव्हते. इथल्या कारखान्याने आपल्या सोयीने रंगवलेल्या त्या साध्या बाहुल्या होत्या, आणि इथल्या मुलांनी त्या गच्चीवर, गॅलरीत, पायरीवर खेळून संपवल्या.

या मताविरुद्ध एक गंभीर पुरावा आहे आणि तो मांडल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मॉस्कोतील 'हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स' या विद्यापीठातील अभ्यासकांनी १९८७ ते २०१५ या काळातील लेगोच्या दोन हजारांहून अधिक संचांच्या किमती तपासल्या आणि उत्पादन थांबलेल्या, न फोडलेल्या संचांनी सरासरी वर्षाला सुमारे ११ टक्के परतावा दिल्याचे दाखवले. हा आकडा खरा आहे आणि तो समभागांच्या तोडीचा आहे. मात्र तो सरासरीचा आकडा आहे. त्याच अभ्यासात काही संचांचे भाव निम्म्यावर आले तर काहींचे अनेक पट झाले. शिवाय लेगोचे बहुतेक संच विकत घेतल्यावर फोडले जातात, कारण ते जोडण्यातच सारा आनंद आहे, आणि न फोडलेले नग म्हणूनच थोडे राहतात. म्हणजे हे उदाहरणही वर सांगितलेल्या कारणालाच दुजोरा देते. त्या अभ्यासातला माल मुख्यतः अशा काळातला आहे, जेव्हा लेगोकडे गुंतवणूक म्हणून पाहणारे फार थोडे होते. हा अभ्यास वर्तमानपत्रांतून गाजल्यानंतर ज्यांनी संच रचून ठेवले, त्यांना तोच परतावा मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

इथल्या ग्राहकाची स्थिती तर याहून कठीण आहे. आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. देशी उद्योगाला आधार म्हणून हे धोरण समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे बाहेरून आलेली बाहुली ठाण्याच्या दुकानात पोहोचेपर्यंत ती मूळ देशातल्या किमतीच्या पुष्कळ पुढे गेलेली असते. जागतिक बाजारात ती उद्या विकायची तर आपण शर्यतीला मागच्या रेषेवरून उभे राहतो. विकायचे कुठे हाही प्रश्नच आहे. शेअरला बाजार आहे, सोन्याला सराफ आहे. खेळण्यांचा व्यवहार आपल्याकडे ओळखीतून आणि समाजमाध्यमांवरील गटांतून चालतो, जिथे भाव जाहीर नसतो, नग खरा की बनावट हे सांगणारा तटस्थ माणूस नसतो आणि फसवणूक झाली तर सेबीसारखी दाद मागण्याची जागा नसते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के व्याज मिळते आहे. या दराने १० हजार रुपये पंधरा वर्षांत सुमारे २८ हजार होतात, करमुक्त आणि सरकारच्या हमीने. म्हणजे १० हजारांच्या खेळण्याला पंधरा वर्षांनी बांधणावळ, कुरिअर आणि दलाली वजा जाता २८ हजार सुटले, तर आपण केवळ बरोबरीला आलो.

त्यात आपली हवा. खाडीकाठच्या शहरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत भिंतींना ओल येते, कपाटातल्या पुस्तकांना कसर लागते, तिथे पुठ्ठ्याच्या कार्डाचा सपाटपणा टिकवणे हे रोजचे काम होऊन बसते. पुठ्ठा कडेने वर वळतो, त्यावर चिकटवलेला प्लॅस्टिकचा फुगा पिवळा पडून एका बाजूने सुटू लागतो. मऊ प्लॅस्टिकमध्ये मिसळलेला तेलकट पदार्थ वर्षानुवर्षे पृष्ठभागावर येत राहतो आणि बंद पेटीतली बाहुली चिकट होते. धातूच्या ओतकामात शिसे किंवा तत्सम भेसळ राहिली असेल तर गाडीला आतून बारीक भेगा पडून तिचा चुरा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक डिंकी गाड्या अशाच गेल्या. वातानुकूलित खोलीत, कोरडेपणा राखणाऱ्या पुड्या घालून हे टाळता येते, पण त्याचा खर्च परताव्यातूनच जातो. आणि घोडबंदर रस्त्यावरच्या घरातल्या एका कपाटाएवढ्या जागेचा आजचा दर ज्याला ठाऊक आहे, त्याने त्या जागेत काय ठेवतो आहोत याचा हिशेब अवश्य करावा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मुलांची. बंद डब्यात कोणता नमुना आहे हे न सांगता विकण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे; लबुबूच्या अनेक मालिकांत 'गुप्त' नमुना मिळण्याची शक्यता ७२ डब्यांत एक असते. सात-आठ वर्षांचे मूल सलग चार डबे फोडते, हवे ते न निघाल्याने रडते, आणि वडील पाचवा घेतात, कारण 'गुप्त निघाला तर पैसे वसूल' असे त्यांना दुकानातच सांगितले जाते. मुलाने उघडलेल्या डब्यातला न आवडलेला नमुना मग खेळायला मिळतो आणि आवडलेला कपाटात जातो. चीनने जून २०२३ मध्ये यासाठी मार्गदर्शक नियम काढले. त्यानुसार आठ वर्षांखालील मुलांना असे डबे विकता येत नाहीत, त्याहून मोठ्या अल्पवयीनांसाठी पालकांची संमती लागते आणि प्रत्येक नमुना मिळण्याची शक्यता जाहीर करावी लागते. ज्या देशात हा धंदा वाढला, त्याच देशाला ही वेसण घालावी लागली. आपल्या ग्राहक व्यवहार खात्यानेही असा नियम करावा आणि शक्यतेचा आकडा डब्यावर मराठीत ठळकपणे छापायला लावावा.

त्याआधी जे नियम हाताशी आहेत ते तरी पाळले जावेत. वेष्टित वस्तू छापील कमाल किमतीहून अधिक दराने विकण्यास दुकानदाराला २०११ च्या वैध मापन नियमांनी मनाई आहे. 'सुपर ट्रेझर हंट' गाडीही त्याला अपवाद नाही. असे घडल्यास बिल मागावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, तरी स्टेशनबाहेर बनावट लबुबू त्या चिन्हाशिवाय टांगलेले दिसतात, आणि ते घेणारे बहुतेक लहान मुलांचे पालकच असतात. ठाणे आणि नवी मुंबईतल्या वैध मापन निरीक्षकांनी दिवाळीपूर्वी खेळण्यांच्या दुकानांची एक फेरी केली तर पुष्कळ काही सुधारेल.

तरुण पालकांना मी एवढेच सुचवतो, की आवडले तर एक घ्या आणि पेटी मुलाच्या हातानेच उघडू द्या. चाळीस वर्षांनी आजच्या मालातले कशाला मोल येईल, याविषयी माझा अंदाज विचाराल तर तो चिप्सच्या पाकिटातल्या चकत्या, जत्रेत मिळणारी बिननावाची प्लॅस्टिकची मोटार, एखाद्या छोट्या कारखान्याने वर्षभरच काढलेले खेळणे अशा गोष्टींकडे जातो, ज्या आज कोणी जपत नाही. पण तोही अंदाजच आहे आणि त्यावर कोणी पैसे लावू नयेत.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. खेळण्याच्या लिलावातल्या विक्रमी किमतीची बातमी छापताना तो नमुना एकमेव होता की लाखोंतला एक, आणि त्याच मालिकेतल्या साध्या नगाला त्या महिन्यात काय भाव मिळाला, एवढी दोन वाक्ये त्याच बातमीत द्यावीत. रविवारच्या पुरवणीत गुंतवणुकीच्या सल्ल्याबरोबर खेळण्यांचा उल्लेख येतो, तिथे विक्रीचा खर्च आणि साठवणुकीचा खर्च वजा करूनच परतावा सांगावा, अशी माझी विनंती आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक जुना संग्राहक,
नौपाडा, ठाणे